तपासणी

सोमवारच्या बाजारात, देवळालीगावात,
कोबी मी मुद्दाम सैल बघून घेतला.
भाजीवाली म्हणाली, काकू, हा पोकळ आहे, घट्ट घ्या.
म्हटलं, आज गड्डा नकोय, पानं हवीत.
तिनं असं बघितलं,
जशी मी केळी ठेवून साली मागत होते.

वरच्या मजल्यावरची रिनपुई, मिझोरामची,
दवाखान्यात रात्रपाळीची नर्स,
तिनं शिकवलं. डॉक्टरांनी ह्यांचा मैदा बंद केला
तेव्हा जिन्यातच उभी राहून म्हणाली,
मैदा नाय तर पान हाय, आंटी.
आणि हवेतच घडी घालून दाखवली,
डावीकडून, उजवीकडून, मग गुंडाळी,
बाळाला दुपट्यात घ्यावं तशी.

हे मोमो म्हणत नाहीत.
ह्यांच्या लेखी ते कोबीचे मोदक,
आणि चतुर्थी नसताना मोदकपात्र काढलं
म्हणून आधी थोडी कुरकुर.

देठ कोरून अख्खा गड्डा उकळत्या पाण्यात.
पान सुटतं तेव्हा आवाज होत नाही,
नुसता एक हिरवा काठ वर सरकतो.
चिमट्यानं उचलायचं, पंच्यावर पसरायचं,
जाड शीर सुरीनं तासायची,
नाहीतर ऐन वळणावर कटकन मोडते.
हे मला तिसऱ्या खेपेला कळलं.

ह्यांच्याकडे तपासणी.
एकतीस वर्षं नोट प्रेसमध्ये तेच केलं:
ताव उचलायचा, उजेडाकडे धरायचा,
शाई फुटली, रेघ सरकली, की बाजूला.
तिथलं घरी कधी काही बोलले नाहीत,
पण चपातीसुद्धा अशीच उजेडाकडे धरायचे,
"ही कच्ची आहे,"
आणि मी ती परत तव्यावर टाकायची,
तोंडातल्या तोंडात शिव्या घालत.

आता ट्यूबखाली खुर्ची, मांडीवर जुना टॉवेल,
हातात ओलं पान.
तिरकं करतात, अंगठ्यानं कड चाचपतात.
"पास."
"पास."
"नापास. भोक आहे ह्याला."

मी सारणात. गड्ड्याचा उरलेला गाभा बारीक चिरून,
गाजर, पातीचा कांदा, कुस्करलेलं पनीर,
आलं जरा हात सोडून,
आणि रिनपुईला न विचारता मूठभर दाण्याचा कूट.
मीठ अगदी शेवटी.

सातव्या पानाला म्हणाले, पास.
मी हातात घेतलं. मधोमध चीर,
माझी करंगळी आरपार जाईल एवढी.
ह्यांच्याकडे पाहिलं. आठवं पान उजेडात,
डोळे बारीक, मान मागे,
एकतीस वर्षांची तीच मान.

मला दूधवाला आठवला.
गेल्या आठवड्यात दारात उभा, हातात पाचशेची नोट:
काकांनी शंभराची म्हणून दिली.
तेव्हा हे म्हणाले होते, घाईत झालं.
घाई कसली? सकाळचे साडेसहा.

मी बोलले नाही.
नापासांच्या ढिगातलं एक लहान पान घेतलं,
चिरेखाली अस्तर लावलं, सारण भरलं,
डावीकडून, उजवीकडून,
वर पातीचा दोरा, दोन वेढे जास्त.
नववं पान: "पास."
ते खरंच चांगलं होतं.

बारा मिनिटं वाफ.
खिडकीची काच पांढरी झाली, जेलरोडचे दिवे
काचेत पसरून मोठे दिसायला लागले.
ह्यांना सगळे दिवे असेच दिसत असतील का,
असं मनात आलं, आणि मी उगाच
ओटा दुसऱ्यांदा पुसला.

कामावर जाता जाता रिनपुई डोकावली,
उभ्यानंच तीन खाल्ले, ठेच्यानं नाक ओढत.
दाण्याचा कूट तिनं ओळखला. हसली.
अस्तराचा मी ह्यांच्या ताटात वाढला होता.
"ह्याचं पान जाड लागतंय," म्हणाले.
"असेल."

मग सवयीनं पुढचा उचलून
उजेडाकडे धरला.
त्यातून काय दिसणार? तरी बघत राहिले.

रिनपुई चपला घालत होती.
तिच्यामागे जिन्यापर्यंत गेले,
आणि हळूच विचारलं,
डोळ्यांचे डॉक्टर तुमच्याकडे कुठल्या वारी बसतात?